दाबलेली पाइप तंबाखू नवी आली की पारखायची कशी? सोलापुरातले नेहमीचे प्रश्न

सोलापुरात तंबाखू ओळखणारे हात हजारोंनी आहेत, पण ते विडी वळणारे. पाइप ओढणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे कोणाचा भाऊ-भाचा दुबईहून किंवा लंडनहून डबा घेऊन आला की तो चार घरी फिरतो आणि दोन दिवसांत फोन सुरू होतात: "पेटतच नाही ओ", "जीभ गेली माझी", "वास बघा कसला येतोय". फोनवर दिलेली ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे पान आधीपासून पाइप ओढणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे. नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्याने दुसरा प्रश्न वाचावा आणि तिथेच थांबावं, हे बरं.

दाबलेली तंबाखू म्हणजे नक्की काय? सुट्या तंबाखूपेक्षा वेगळं काय असतं?

पानांच्या जाड शिरा काढतात, पानं थोडी ओलसर करतात, एकावर एक थर लावतात आणि प्रेसखाली ठेवतात. कुठे नुसता दाब, कुठे दाबाबरोबर वाफ किंवा उष्णता. काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत, ज्याची त्याची पद्धत. बाहेर येतो तो घट्ट ठोकळा. तो तसाच विकला तर प्लग. त्याचे पातळ काप केले तर फ्लेक. पानं पीळ देऊन दोरासारखी वळली आणि आडवी कापली तर गोल चकत्या मिळतात, त्यांना कॉइन म्हणतात. आधीच बारीक कापलेली तंबाखू पुन्हा दाबली तर क्रम्बल केक, जो बोटांनी दाबला की सुटा होतो. आणि 'रेडी रब्ड' लिहिलेलं असेल तर फ्लेक मोकळी करायचं काम कारखान्यातच उरकलेलं असतं.

दाबून काय साधतं? शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ मिक्सरला फिरवलं तर नुसतं तिखट कूट होतं. उखळात कुटून तेल सुटलं की शेंगाची चटणी होते. सामान तेच, पण आता लसूण वेगळा आणि तिखट वेगळं लागत नाही. दाबाखाली पानांतली साखर, तेलं आणि ओल एकमेकांत मुरतात तेव्हा तंबाखूचंही तेच होतं. उष्णता दिली असेल तर पिवळी व्हर्जिनिया (पाइपच्या तंबाखूतली एक मुख्य जात) तपकिरी, कधी जवळपास काळी होते आणि तिचा कच्चा तिखटपणा उतरतो. शिवाय घट्ट तंबाखू सावकाश जळते. नीट भरली आणि घाई केली नाही तर धूर थंड येतो. घाई केली तर मात्र सुट्या तंबाखूपेक्षा जास्त त्रास देते.

पाइप सिगारेटपेक्षा कमी घातक असते ना? धूर आत घेत नाही आपण.

नाही. धूर छातीत घेतला नाही तरी पाइपमुळे तोंड, जीभ, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. पाइपचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, म्हणून निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शोषलं जातं. सवय लागायला धूर गिळावा लागत नाही. दाबलेली, महाग, परदेशी, 'नैसर्गिक' यांतला एकही शब्द धोका कमी करत नाही. ज्याला सोडायची आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. पुढचं सगळं हे मान्य करूनच वाचा.

डबा उघडल्यावर आधी काय बघायचं?

लगेच पाइप भरायला घेऊ नका. एक काप अलगद काढा आणि खिडकीत उजेडाकडे धरून त्याची कापलेली कड बघा. दाबलेल्या तंबाखूत थर दिसतात आणि डब्यावर लिहिलेलं खरं की खोटं हे तिथे थोडंफार कळतं. फिकट पिवळा आणि नारिंगी पट्टा म्हणजे उजळ व्हर्जिनिया, गोड आणि थोडी आंबट. लालसर तपकिरी म्हणजे जास्त पिकलेली लाल व्हर्जिनिया. मातकट, कोरडा दिसणारा तपकिरी थर बहुधा बर्ली: सावलीत हवेवर वाळवलेली, जवळजवळ बिनसाखरेची, आणि म्हणूनच बाहेरून दिलेला गोडवा भरपूर शोषून घेणारी. बारीक हिरवट-पिवळे ठिपके असतील तर ओरिएंटल, म्हणजे तुर्कस्तान-ग्रीसकडची लहान पानांची, उन्हात वाळवलेली जात.

काळ्या थरांत घोटाळा होतो. लटाकिया काळी, पेरीक काळी, ब्लॅक कॅव्हेंडिशही काळी. डोळ्यांनी ठरवू नका, नाकाने ठरवा. लटाकिया लाकडाच्या धुरावर वाळवतात, आज ती मुख्यतः सायप्रसची. डबा उघडताच चुलीशेजारी ठेवलेल्या कांबळ्याचा वास येतो आणि बाकी सगळ्यांवर बसतो. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या सेंट जेम्स पॅरिशमधली: पिंपात दाबून साधारण वर्षभर आंबवलेली. तिला मनुका, मिरी आणि थोडा कुबट आंबटपणा. ब्लॅक कॅव्हेंडिशला स्वतःचा वास फारसा नसतो, तिच्यावर व्हॅनिला किंवा रम घातलेली असते तीच येते.

मग काप वाकवून बघा. वाकून तुटला नाही तर ओल भरपूर आहे. कट्कन तुटला तर डब्याला हवा लागली आहे किंवा तो उन्हातल्या गोदामात पडून होता.

डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो. खराब झाली का?

व्हर्जिनिया असेल तर बहुतेक वेळा नाही. बंद डब्यात ती किंचित आंबत राहते आणि उघडल्यावर व्हिनेगर, चिंच, कधी टोमॅटो सॉससारखा वास नाकात जातो. अर्धा-एक तास झाकण उघडं ठेवा, वरचा झणका जातो. अमोनियाचा वासही असाच उडतो. थांबायचं ते कोंदट, ओल्या भिंतीचा वास आला तर. तो उडत नाही.

काप पांढरट दिसतोय. बुरशी आहे?

भिंग घ्या, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला तरी चालतं. चमकणारे, कोरडे, मिठाच्या कणांसारखे स्फटिक असतील तर जुन्या व्हर्जिनियावर ते येतात, ओढायला हरकत नाही. कापसासारखे तंतू, हिरवट-राखाडी छटा, एका जागी गोल डाग असेल तर बुरशी. मग वरचा काप काढून खालचे वापरू हा हिशोब करू नका. पूर्ण डबा टाकून द्या, कितीही महाग असला तरी.

किती वेळ वाळवायची? डब्यासोबतच्या माहितीत एक तास लिहिलंय.

तो एक तास ज्याने लिहिला त्याने सोलापूरचा मे महिना पाहिलेला नाही.

पारखण्यातला निम्मा निकाल इथे लागतो. दाबलेली तंबाखू मुद्दाम ओली पॅक करतात: ओल नसेल तर ठोकळा बांधला जात नाही, सुरीखाली त्याचा चुरा होतो आणि डब्यात ती मुरतही नाही. इंग्लंडमधलं केंडल हे गाव तंबाखूसाठी जुनं, तिथल्या सॅम्युएल गॅविथचं नाव १७९२ पासून चालत आलंय, आणि तिथल्या फ्लेक ओल्या म्हणून प्रसिद्ध आहेत. केंडल पावसाळी डोंगरांत आहे. तिथल्या हवेत जे वाळायला संध्याकाळ लागते ते आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटांत उरकतं आणि विसाव्या मिनिटाला हाताबाहेर जातं. उलट ऑगस्टमध्ये झड लागली असेल तर दीड तासही कमी पडतो. म्हणून घड्याळ सोडा, बोटांवर विश्वास ठेवा.

एका वेळी लागेल तेवढीच काढा, मोकळी करा, कोऱ्या कागदावर पातळ पसरा. वर्तमानपत्र नको, शाईचा वास धरतं. मग चिमूट घ्या आणि अंगठ्याखाली दाबून सोडा. गोळा होऊन तशीच राहिली तर ओली. सावकाश उमलली तर बरोबर. कुरकुर वाजून तुकडे झाले तर गेली.

विडी घरकुलात राहणाऱ्या, उभा जन्म विड्या वळण्यात गेलेल्या एका मावशींच्या हातात मी फ्लेकचा काप दिला होता. त्यांनी वास घेतला नाही, रंग पाहिला नाही. काप मोडला, चिमूट दोन बोटांत घासत कानाशी नेली आणि म्हणाल्या, "वली हाय की ओ अजून. पंख्याखाली टाका, मग बघा." तेंदूच्या पानाचंही त्यांचं असंच. रात्रभर भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळलेलं पान कात्रीखाली तडकता कामा नये, आणि वळलेली विडी ओली राहून छाटात, म्हणजे नापास मालात, निघता कामा नये, कारण छाट निघाली की मजुरी कापली जाते. ज्या हाताची मजुरी ओलीवर ठरते त्याला घड्याळ लागत नाही. कानाची ही युक्ती मी तेव्हापासून उचलली आहे: बरोबर वाळलेली तंबाखू घासताना मऊ, सलग सरसर करते; जास्त वाळलेली टिचते.

ओली ओढलीत तर ब्लेंड, म्हणजे डब्यातलं तंबाखूंचं मिश्रण, वाईट ठरतो आणि फार वाळवून ओढलीत तर फिका ठरतो. दोन्ही वेळा दोष ब्लेंडचा नसतो.

फार वाळली. आता?

ताटात पसरा, वर चाळणी उपडी ठेवा आणि चाळणीवर पिळून घेतलेलं ओलं फडकं टाका. फडकं तंबाखूला टेकता कामा नये. अर्ध्या-पाऊण तासाने चिमूट बघत राहा. पाणी शिंपडू नका. डब्यात बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड टाकायचा सल्ला जो देईल त्याचं ऐकू नका, तो बुरशीला आमंत्रण देतोय. आणि पूर्ण कोरडी पडलेली तंबाखू ओल देऊन ओढण्याजोगी होते, पण उडालेला वास परत येत नाही. तिच्यावरून नव्या ब्लेंडचा निकाल लावू नका.

कोणत्या पाइपमध्ये ओढून बघू?

मक्याच्या कणसाच्या. कॉब पाइप स्वस्त असते, हलकी असते आणि आधीच्या तंबाखूचा वास फारसा धरून ठेवत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून त्या बनतात. ब्रायरचं लाकूड म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ते सुंदर असतं, पण आठवण ठेवतं. वर्षभर लटाकिया ओढलेल्या ब्रायरमध्ये नाजूक व्हर्जिनिया भरली तर तुम्ही नव्या ब्लेंडची नाही, जुन्या सवयीची चव घेताय. मातीची पाइप याहून तटस्थ, पण हात पोळतो. आमच्याकडे एक कॉब फक्त चाचणीसाठी बाजूला ठेवलेली असते. मत नक्की झालं की मग आवडत्या ब्रायरमध्ये जा.

फ्लेक मोकळी करायची की घडी घालून भरायची?

दोन्ही, पण त्याच क्रमाने. आधी पूर्ण मोकळी: काप तळहातांमध्ये मळून धागे सुटे करा. अशी ती सहज पेटते, चव पटकन उघडते आणि ब्लेंडमध्ये काय काय आहे ते कळतं. दुसऱ्या वेळी काप मधोमध दुमडा, पुन्हा दुमडा, थोडासा पिळा आणि बाऊलमध्ये, म्हणजे पाइपच्या खळग्यात, सरकवा. वर थोडा चुरा पसरा म्हणजे पेटायला सोपं. घडी सावकाश जळते, तिच्यात थरांचा एकजीवपणा कळतो. काही फ्लेक मोकळ्या केल्या की सपक लागतात आणि घडीत खुलतात, काहींचं नेमकं उलट. प्लग असेल तर धारदार सुरीने कागदाइतके पातळ काप काढा किंवा बाजरीच्या दाण्याएवढे बारीक चौकोनी तुकडे करा. अडकित्ता वापरून बघणारे आहेत. चालतो, पण सुपारीचा असेल तर आधी धुवा.

भरताना तळाशी हलकी, वर जरा दाबून. न पेटवता ओढून बघा: थोडा अडथळा जाणवला पाहिजे, पण गाल आत ओढले जाता कामा नयेत. दाबलेली तंबाखू जळताना फुगते, म्हणून बाऊलच्या काठाखाली थोडी जागा सोडा.

सारखी विझते. ब्लेंडमध्ये दोष आहे का?

विझणं हा दोष नाही. पहिल्या काडीने नुसता वरचा थर काळा करायचा, तो फुगून वर येतो, टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दट्ट्याने, हलका खाली बसवायचा आणि दुसऱ्या काडीने खरं पेटवायचं. काडीचा गंधक आधी जळून जाऊ द्या. त्यानंतर दोन-चार वेळा विझली तर पुन्हा पेटवा. सतत विझत असेल तर ओली आहे किंवा फार ठासली आहे.

आणि पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं म्हणजे शिक्षा आहे, कबूल. पण छताचा पंखा निखाऱ्यावर फुंकर घालत राहतो आणि थंड जळणारी फ्लेक भट्टी होते. गच्चीवरचा वाराही तेच करतो. भिंतीच्या आडोशाला बसा. बाऊल गालाला लावून बघा. चटका बसला तर ठेवून द्या आणि निवू द्या.

नवी तंबाखू दिवसाच्या कोणत्या वेळी ओढावी?

जेवणानंतर तासाभराने, तोंड धुऊन. आपलं जेवण पारख्याचं नाही: खर्डा, लसूण, काळ्या मसाल्याचं कालवण, वर चटणी आणि कडक भाकरी. त्यानंतर लगेच ओढलेली प्रत्येक तंबाखू सारखीच लागते. उपाशीपोटी तर मुळीच नको, त्याचं कारण पुढे येतंय. सोबत साधं पाणी किंवा बिनदुधाचा कोरा चहा. दूध-साखरेचा दाट चहा जिभेवर साय धरतो. आणि गालात तंबाखूची गोळी धरायची सवय असलेल्याने त्या दिवसापुरतं मत देऊ नये. चुन्याने बधिर झालेल्या तोंडाला उजळ व्हर्जिनियाची लिंबाची साल कुठून कळणार?

जीभ पोळली. ही तंबाखू जिभेला चावते का?

चार कारणं असतात आणि लोक सगळी ब्लेंडच्या नावावर टाकतात. एक, ओल: वाफ जाते तोंडात, ती पोळते. दोन, वेग: सिगारेटसारखे झुरके. तीन, साखर: उजळ व्हर्जिनिया गरम झाली की टोचते. चार, तुमच्या तोंडाला ते मिश्रण किंवा त्यावर घातलेला सुगंधी अर्क मानवत नाही. पहिली दोन कारणं बाजूला करून, नीट वाळवून, सावकाश ओढूनही जीभ टोचली तरच चवीच्या नोंदवहीत 'जीभ चावते' असं लिहा. मधल्या दिवसांत जिभेला सुट्टी द्या. जिभेवर किंवा गालात पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली आणि ती दोन आठवड्यांत गेली नाही, तर पाइप आणि पारख दोन्ही बंद, थेट डॉक्टर.

डोकं गरगरलं, मळमळलं.

निकोटीन, आणि उपाशीपोटी ते जास्तच लागतं. चव सौम्य आणि मार जबर असे ब्लेंड असतात. घट्ट दाबलेले प्लग, दोरतंबाखू आणि धुरावर वाळवलेली डार्क फायर्ड केंटकी यांत पटाईत. पाइप खाली ठेवा, बसा, पाणी प्या, काहीतरी खा. ती ओढ 'पूर्ण करायची' जिद्द नको. वहीत मार आणि चव या दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या त्या यासाठीच. 'स्ट्राँग' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की धूर दाट होता की माणूस आडवा झाला.

नोंद कशी ठेवायची? दहापैकी किती गुण?

गुण देऊ नका असं माझं मत आहे. सहा आणि सात यांत काय फरक, हे देणाऱ्यालाही महिन्याने सांगता येत नाही. वाक्यं लिहा. आमच्या वहीतली एक नोंद, ब्लेंडचं नाव गाळून:

'ऑगस्ट, संध्याकाळ, पाऊस थांबलेला. कॉब. पूर्ण मोकळी, सव्वा तास वाळवली. डब्यात मनुका आणि चिंच. पेटायला दोन काड्या. सुरुवात: नवा कडबा, गोडसर. मध्य: गोडी खाली गेली, भाजलेल्या पोळीचा वास, नाकातून सोडल्यावर मिरी. शेवट: जरा तुरट, चव तीच पण जाड. जीभ ठीक. मार मध्यम. तळाला ओला चोथा थोडा. खोलीत वास: घरच्यांनी खिडकी उघडली, पण बोलले नाहीत.'

बाऊलचे तीन भाग करून लिहायचे, कारण दाबलेली तंबाखू पहिल्या भागात जे बोलते ते शेवटच्या भागात बोलेलच असं नाही. बदलणं हा गुण आहे का, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. मला शेवटपर्यंत एकसारखी राहणारी साधी व्हर्जिनिया आवडते, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना ती कंटाळवाणी वाटते.

एक सांगणं आहे. डब्यावर 'अंजीर, टॉफी, गवताची गंजी' लिहिलंय म्हणून तेच लिहू नका. तुम्हाला कडबा, काकवी, शेंगदाण्याची साल, चिंचेचा कोळ, पावसाआधीची माती असं काही जाणवलं तर ते लिहा. न खाल्लेल्या फळाची चव लागली असं लिहिलेल्या नोंदी आम्ही वाचून हसतो.

आणि शेवटी एक प्रश्न: लगेच नाही, पण उद्या ही पुन्हा भरावीशी वाटेल का?

किती वेळा ओढल्यावर मत द्यावं?

पहिल्या बाऊलवर नाहीच. तो बहुतेक वेळा ओला असतो, आणि आपण डब्याच्या किमतीचा हिशोब करत ओढत असतो. मोकळी आणि घडी, दिवस आणि संध्याकाळ, कॉब आणि ब्रायर असे फेरफार करत निदान चार वेळा. तेही सलग एका दिवसात नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत पसरून. लटाकियाच्या दुसऱ्या दिवशी हलकी व्हर्जिनिया ओढून 'फिकी' म्हणणं हा अन्याय आहे.

चारचौघांत मिळून पारखायची तर?

डबा लपवा. जो ओढत नाही अशा घरच्या माणसाला सांगा: दोन सारख्या काचेच्या बरण्यांत दोन ब्लेंड भरायचे, वर फक्त 'क' आणि 'ख'. एक नवा, एक सगळ्यांच्या ओळखीचा. प्रत्येकाने आपली वही आपण लिहायची, तोंड मिटून. पहिला जो मोठ्याने 'मनुका' म्हणेल त्याच्यामागे सगळ्यांना मनुका लागते. वह्या झाल्या की मग बोला. दुर्मीळ, परदेशात रांगा लावून मिळणारं नाव झाकलं की मतं बदलतात, आणि ती बदलताना चेहरे बघण्यासारखे असतात.

ठेवून दिली तर चांगली होते म्हणतात. सोलापूरच्या उन्हात?

व्हर्जिनिया आणि पेरीकचं मिश्रण बंद ठेवलं तर वर्षानुवर्षं मुरतं, गोल होतं. लटाकियाचा धूर हळूहळू मवाळ पडतो, कोणाला आवडतं, कोणाला नाही. व्हॅनिला-चेरीवाल्यांना ठेवून फारसं काही मिळत नाही. जुनी करायची असेल तर सील केलेला डबा तसाच ठेवा. उघडला की रबरी कडेच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. बरणी नवी घ्या. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी झाकणातला मोहरी-हिंगाचा वास जात नाही आणि तो तंबाखूत उतरतो.

जागा महत्त्वाची. स्लॅबखालच्या माळ्यावर नको, पत्र्याच्या खोलीत तर नकोच. तिथे मे महिन्यात तंबाखू मुरत नाही, शिजते. खालच्या मजल्यावरचं, उत्तरेकडच्या भिंतीला लागलेलं कपाट, खालचा कप्पा, अंधार. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. प्लास्टिकच्या पिशवीतून वास आणि ओल दोन्ही निघून जातात. बरणीवर नाव आणि तारीख चिकटवा, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. निकोटीन लहान मुलाला विष आहे.

निपाणीची तंबाखू घरी दाबून फ्लेक करता येईल का?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, गड्ड्याच्या जत्रेसारखा. निपाणी म्हटलं की आपल्याला विडी आठवते, शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलनही आठवतं. पण तिथला माल विडीसाठी आहे: उन्हात वाळवलेला, जाड पानाचा, साखर कमी, निकोटीन भरपूर. तो पाइपमध्ये भरला तर घसा सोलतो आणि दाबून त्यात गोडी येत नाही, कारण दाब फक्त आहे ते मुरवतो, नाही ते आणत नाही. पाइपच्या फ्लेकला लागते ती भट्टीच्या उष्णतेवर वाळवलेली व्हर्जिनिया. ती आंध्र आणि कर्नाटकात पिकते, तिचं नियमन गुंटूरचं टोबॅको बोर्ड करतं आणि ती सिगारेट कंपन्या नाहीतर निर्यातीकडे जाते. किलोभर आपल्या हाती लागत नाही. घरी ओलसर पानांचा ठोकळा शिकंज्यात धरून महिनाभर ठेवायचं म्हणजे बुरशी पाळायची. सोडून द्या. चुना किंवा मसाला घातलेली खायची तंबाखू पाइपमध्ये भरणं तर निव्वळ वेडेपणा.

बाहेरून येताना किती आणता येते?

विमानाने येणाऱ्या प्रवाशाला शुल्काशिवाय १२५ ग्रॅम तंबाखू, किंवा तिच्याऐवजी १०० सिगारेटी, किंवा २५ सिगार. 'किंवा' नीट वाचा. ५० ग्रॅमचे दोन डबे बसतात, तिसरा बसत नाही. भाच्याला अडचणीत आणू नका.

कुठे बसून ओढायची?

आपल्या घरात, तेही घरच्यांना विचारून आणि मुलं, म्हातारी माणसं, गर्भवती असतील तर नाहीच. खिडकी उघडली तरी धूर त्यांच्या फुप्फुसात जातो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम कार्यालयं, हॉटेलं, थिएटर, स्टेशन सगळ्यांना लागू आहेत आणि दंड २०० रुपयांपर्यंत. 'ही सिगारेट नाही, पाइप आहे' हा युक्तिवाद कोणी ऐकून घेत नाही. १८ वर्षांखालच्यांना विकणं गुन्हा आहे आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत विक्रीच करता येत नाही. चव बघायला मुलाला डब्याचा वाससुद्धा देऊ नका, वास फार छान असतो हीच अडचण आहे.

चार वेळा ओढली, नाही आवडली. ५० ग्रॅमचा डबा आहे.

ओढून संपवायला हवी असा नियम नाही, आणि पैसे वसूल करायच्या नादात रोज भरणं हा सगळ्यात वाईट मार्ग. व्हर्जिनिया असेल तर बरणीत बंद करून तारीख टाका, वर्षाने एकदा बघा. सुगंधी असेल तर ज्या सवयीच्या माणसाला ती आवडते त्याला देऊन टाका. दुसऱ्या ब्लेंडमध्ये मिसळून 'सुधारायला' जाऊ नका, विशेषतः लटाकिया असेल तर: चिमूटभर लटाकिया अख्खी बरणी ताब्यात घेते. आणि बरणीवर 'आवडली नाही' एवढं न लिहिता का आवडली नाही ते लिहा, म्हणजे वर्षाने उघडाल तेव्हा काय बदललं ते कळेल.